मुक्या मारानं मांडी-पोटरीत साकळलेलं रक्त सोनोग्राफीवर बघत कसं काढायचं: टप्प्याटप्प्यानं, आणि नेमकं कुठे चुकतं

मांडीला किंवा पोटरीला मुका मार लागून आत रक्त साकळलेला पेशंट आला की दोनच प्रकार सर्रास बघायला मिळतात. एक म्हणजे "जिरेल आपोआप" म्हणून मलम आणि सूज उतरायच्या गोळ्या देऊन घरी पाठवायचं, आणि तो महिन्याभरानं तसाच लंगडत परत. दुसरा म्हणजे आला त्याच दिवशी फुगलेल्या जागी अंदाजानं मोठी सुई घालायची, दोन-चार मिली काळं रक्त येतं आणि सुई बंद पडते, मग आतल्या आत हलवून बघायची, आणि तिसऱ्या दिवशी पाय आधीपेक्षा जास्त टरटरलेला. वाईट याचं वाटतं की बऱ्याचदा सोनोग्राफी मशीन शेजारच्याच खोलीत असतं, पण ते फक्त "हो, हिमॅटोमा (साकळलेलं रक्त) आहे" एवढं लिहून द्यायला वापरलं जातं.

सुई घालणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. बिघडतं ते सुईच्या आधी नीट न बघितल्यामुळे आणि सुईनंतर पट्टी नीट न बांधल्यामुळे. म्हणून खाली त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय.

हे ऑर्थो, सर्जरी, रेडिओलॉजी, स्पोर्ट्स मेडिसिनच्या रेसिडेंटसाठी आणि छोट्या गावात हे सगळं एकट्यानं बघणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. ज्यांनी सोनोग्राफीखाली सुई कधीच घातली नाहीये त्यांनी आधी कुणा अनुभवी माणसाबरोबर उभं राहून शिकावं, लेख वाचून पहिल्यांदा पेशंटवर करू नये. पेशंट किंवा घरचे वाचत असाल तर तुमच्यासाठी टप्पा १ आणि टप्पा ९ महत्त्वाचे.

## टप्पा १: हे काढायचं आहे का, हे आधी ठरवा

छोटं साकळलेलं रक्त शरीर स्वतः जिरवतं. दुखणं रोज कमी होतंय, हालचाल सुधारतेय, सूज मऊ पडतेय, तर सुईची गरज नाही. सुई घालायची ती ठरावीक कारणांसाठी: सूज ताणलेली आहे आणि झोप लागत नाही इतकं दुखतंय, गुडघा किंवा घोटा हलवता येत नाहीये, वरची त्वचा ताणून चकचकीत किंवा काळपट व्हायला लागलीये, एखाद्या नसेवर (म्हणजे नर्व्हवर, शिरेवर नव्हे) दाब येऊन मुंग्या येतायत, आठवडे उलटले तरी आकार तसाच आहे, किंवा आत पू झाल्याची शंका आहे.

आता ज्यांना सुई घालायचीच नाही ते.

थांबा, कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं): मार लागून काही तास झालेत, पाय दगडासारखा कडक, दुखणं माराच्या मानानं फारच जास्त, पायाची बोटं तुम्ही हलवली तरी पेशंट ओरडतो, बधिरपणा आहे. नाडी लागते म्हणून निश्चिंत होऊ नका, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. याला सुईनं रक्त काढणं हा उपचार नाही आणि सोनोग्राफीत "फार काही दिसत नाही" याला शून्य अर्थ आहे. लगेच सर्जन, लगेच फॅसिओटॉमीची (कप्पा कापून दाब मोकळा करायच्या ऑपरेशनची) तयारी. इथे तासांचा हिशोब असतो, सोनोग्राफीसाठी रांगेत बसवू नका.

थांबा, धडधडणारी सूज: चाकू, काच, ऑपरेशन, अँजिओग्राफी, किंवा हाडाचं टोक लागल्याचा इतिहास आणि हाताला ठोके लागणारी गाठ म्हणजे फाटलेल्या धमनीशी जोडलेली रक्ताची पिशवी, म्हणजेच स्युडोअॅन्युरिझम असू शकतो. डॉप्लरशिवाय (सोनोग्राफीत रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) हात लावू नका.

थांबा, कारणाशिवाय आलेली गाठ: "टेबलाचा कोपरा लागला होता साहेब, दोन महिन्यांपूर्वी" आणि गाठ हळूहळू वाढतच चाललीये. मांडीतला सार्कोमा (स्नायू-चरबीसारख्या भागाचा कॅन्सर) नेमका असाच येतो, कारण गाठ दिसली की प्रत्येकाला कुठला ना कुठला मार आठवतोच. अशी गाठ सुईनं उपसायची नाही. आधी कॉन्ट्रास्ट एमआरआय, आणि बायॉप्सी लागलीच तर ती जिथे पुढचं ऑपरेशन होणार तिथे, टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी त्यांच्या टीमनं जागा ठरवून. तुम्ही चुकीच्या बाजूनं घातलेल्या सुईची वाटसुद्धा नंतर कापून काढावी लागू शकते, कधी कधी पाय वाचवणं त्यामुळे अवघड होतं.

## टप्पा २: गोळ्या, रिपोर्ट आणि कागद

"काही गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही, फक्त बीपीची." म्हणून गोळ्यांची पिशवी बघायला मागा. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोम, डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अॅपिक्साबॅन ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं डोळ्यांनी शोधा. सोबत दारू, लिव्हरचा आजार, डायलिसिस आणि लहानपणापासून रक्त लवकर न थांबण्याचा इतिहासही विचारा.

किमान रिपोर्ट: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), आणि शंका असेल तर एपीटीटी (रक्त गोठण्याचीच दुसरी चाचणी). वरवरच्या सुईच्या प्रोसिजरला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीवाले बरीच सूट देतात, आयएनआर २ ते ३ पर्यंत आणि प्लेटलेट २०,००० च्या वर असले तरी चालतं असं धरतात. पण इथे माणूस त्या जागी आधीच रक्त सांडून बसलाय, त्यामुळे घाई नसलेल्या केसमध्ये मी आयएनआर १.५ च्या आसपास किंवा त्याखाली आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असल्याशिवाय सुई घेत नाही. हा माझा हिशोब, तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल असेल तर तो पाळा.

चूक: रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करणं. हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह आहे किंवा नुकताच स्टेंट बसवलाय अशा माणसाची गोळी बंद केली तर पायातलं रक्त निघेल आणि माणूस हातचा जाईल. ज्यानं गोळी सुरू केली त्या डॉक्टरला फोन करा, काय ठरलं ते पेपरवर लिहा.

हिमोफिलियाच्या मुलाला फॅक्टर (रक्त गोठायला लागणारा, त्याच्यात कमी असलेला घटक) दिल्याशिवाय सुई लावायचीच नाही. बहुतेक वेळा फॅक्टर, आराम आणि बर्फावरच काम भागतं, आणि निर्णय हिमॅटॉलॉजिस्टचा.

कागद म्हणजे दोन गोष्टी. पेशंटला समजेल अशा मराठीत संमती, त्यात परत भरणं, इन्फेक्शन, नवा रक्तस्राव, नसेला इजा, आणि "रक्त घट्ट असेल तर फार काही निघणार नाही" हे वाक्य असलंच पाहिजे. आणि मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्याखाली त्या जागेवर रजिस्टर असणं, वापरणाऱ्या डॉक्टरचं नाव त्यात असणं. मी तर फक्त पाय बघतोय, असं म्हणून सुटका होत नाही. पोर्टेबल मशीन एका हॉस्पिटलमधून उचलून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नेणं तर अजिबात नको.

## टप्पा ३: सामान आधी मांडा

सुई आत असताना "सिस्टर, थ्री-वे आणा" असं ओरडायची वेळ येऊ नये.

- लिनिअर प्रोब, ७ ते १५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. जाड मांडी किंवा ढुंगणाच्या खोल स्नायूसाठी पोटाचा कर्व्हड प्रोबही हाताशी ठेवा.
- भुलीसाठी २६ नंबरची बारीक सुई, ५ आणि १० मिली सिरिंज, लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध).
- काढायला १८ नंबरची सुई, घट्ट रक्तासाठी १६ किंवा १४ नंबरचं इंट्राकॅथ, खोल जागेसाठी १८ नंबरची लांब स्पायनल सुई.
- २० आणि ५० मिली सिरिंज, थ्री-वे (तीन तोंडांचा छोटा नळ), एक्स्टेन्शन ट्यूब, नॉर्मल सलाइन.
- स्टराइल प्रोब कव्हर आणि स्टराइल जेलचा सॅशे. कव्हर नसेल तर आत जेल घालून स्टराइल ग्लोव्ह, सुरकुत्या आणि हवा काढून.
- कल्चर बाटली, स्लाइड, साधी बल्ब (सॅम्पलची छोटी बाटली).
- कापसाचा रोल, फोमचा किंवा गॉजचा जाड पॅड, १० आणि १५ सेंटिमीटरचं क्रेप बँडेज.

चूक: टेबलावरच्या मोठ्या बाटलीतलं नेहमीचं जेल सुईच्या जागी वापरणं. ते स्टराइल नसतं, दूषित जेलमधून जंतू पसरल्याचे प्रकार झालेले आहेत, आणि साकळलेलं रक्त म्हणजे जंतूंसाठी तयार जेवण. सॅशे नसेल तर स्टराइल सलाइन ओतून काम करा, चित्र थोडं कमी चांगलं येईल, चालतं.

## टप्पा ४: सुई न घेता पूर्ण सोनोग्राफी

इथे निवांत वेळ द्या. घाईच्या ओपीडीतही द्या.

पेशंट बाहेरगावचा असेल तर बहुतेक वेळा त्वचेवर आंबेहळदीचा लेप वाळलेला असतो. तो आधी कोमट पाण्यानं धुऊन काढा, त्याखाली फोड आलेत का, खरचटलंय का ते बघा. लेपावरून जेल लावून केलेली सोनोग्राफी म्हणजे निम्मं चित्र गायब.

मग क्रम असा ठेवा.

आधी दुसरा पाय. चांगल्या बाजूचा तोच स्नायू एकदा बघून घ्या, म्हणजे दुखऱ्या बाजूला काय बदललंय ते लगेच कळतं.

आडवं आणि उभं, दोन्ही. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हीचा गुणाकार करून ०.५२ ने गुणा. समजा ८ × ४ × २.५ आलं, तर ८० गुणिले ०.५२ म्हणजे साधारण ४२ मिली. हा आकडा लिहून ठेवा. नंतर १० मिलीच निघालं तर तुम्हाला कळेल की काम अर्धवट राहिलंय का आत घट्ट गाठ आहे.

कुठल्या थरात आहे. स्नायूच्या आत, दोन स्नायूंच्या मधे, की चरबी आणि फॅशियाच्या (स्नायूवरच्या चिवट आवरणाच्या) मधे. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पोटरीत सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार म्हणजे चाळिशी-पन्नाशीतला माणूस, बॅडमिंटनला पुढे झेपावला किंवा लोकल पकडायला धावला, आणि "मागून कुणीतरी दगड मारला असं वाटलं, वळून बघितलं तर कुणीच नाही." यात गॅस्ट्रोक्नेमियसचं (पोटरीच्या वरच्या स्नायूचं) आतल्या बाजूचं डोकं खालच्या टोकाला फाटतं आणि रक्त त्याच्या आणि त्याखालच्या सोलियस स्नायूच्या मधे लांबट पसरतं. मांडीत कबड्डी-फुटबॉलमध्ये गुडघा लागून व्हास्टस इंटरमिडियस या मांडीच्या पुढच्या खोल स्नायूमध्ये, अगदी हाडाला चिकटून जमतं.

पातळ आहे की घट्ट. पहिल्या काही तासांत ताजं रक्त करडं-पांढरट, जवळपास स्नायूसारखंच दिसू शकतं. नंतर गाठ बांधली की खडबडीत, कमी-जास्त रंगाचं. बऱ्याच दिवसांनी ते विरघळत जातं, काळं होतं, मधे पातळ पडदे दिसतात. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, प्रोबनं दाबा आणि सोडा. आतले कण भोवऱ्यासारखे फिरले तर पातळ आहे, निघेल. सगळं एकसंध हललं तर घट्ट आहे.

डॉप्लर, प्रत्येक वेळी. स्केल कमी, वॉल फिल्टर कमी ठेवून. साध्या साकळलेल्या रक्ताच्या आत रक्तप्रवाह नसतो. आत लाल-निळा भोवरा आणि मानेशी आत-बाहेर जाणारा प्रवाह दिसला तर स्युडोअॅन्युरिझम, सुई बाजूला ठेवा. आतल्या घट्ट भागात बारीक रक्तवाहिन्या दिसल्या तर गाठीची शंका, टप्पा १ मधला तिसरा इशारा परत वाचा.

शिरा दाबून बघा. पोटरी सुजलेली असेल तर पॉप्लिटियल (गुडघ्यामागची) आणि खालच्या खोल शिरा दाबल्यावर मिटतात का हे बघितल्याशिवाय रिपोर्ट देऊ नका. फाटलेल्या पोटरीला डीव्हीटी (खोल शिरेत रक्ताची गुठळी) समजून हेपॅरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) चालू करणं आणि दोन दिवसांत पोटरी दुप्पट होणं, हा प्रकार मी बघितलाय आणि तो टाळता येण्यासारखा आहे. उलटंही होतं, हिमॅटोमाच्या दाबानं शेजारी खरंच डीव्हीटी झालेला असतो. गुडघ्यामागे फुटलेली बेकर सिस्टही (सांध्यातल्या पाण्याची पिशवी) असंच चित्र करते, तिची मान सांध्याकडे जाते का ते शोधा.

पडताळा: आकारमान लिहिलं? थर कळला? दाबल्यावर हललं? डॉप्लर केलं? शिरा मिटल्या? पाचही उत्तरं असतील तरच पुढे.

## टप्पा ५: आज की आठवड्यानं

बहुतेकांचं इथेच चुकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त गोठलेलं असतं, जेलीसारखं, १८ नंबरच्या सुईतून ते येत नाही. शिवाय फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्या नुकत्या बंद झालेल्या असतात, आतला दाब काढला की परत सुटू शकतात. पेशंट आणि नातेवाईक म्हणतात "डॉक्टर आत्ताच काढून टाका ना", आणि आपण काढतो.

घाईचं कारण नसेल तर पहिले दिवस पट्टी, बर्फ, पाय वर आणि पॅरासिटामॉल. साधारण एक ते दोन आठवड्यांत ते पातळ होतं, पण कॅलेंडर बघून सुई घालू नका, दर तीन-चार दिवसांनी प्रोब लावून दाबून बघा. हलायला लागलं की तुमची वेळ आली. मांडीचा मार असेल तर या काळात पहिले २४ तास गुडघा दुमडलेल्या स्थितीत, दुखेल तिथपर्यंत पण शक्यतो १२० अंशाच्या जवळ, बांधून ठेवला तर पुढे गुडघा आखडण्याचा त्रास कमी होतो.

त्वचा धोक्यात आहे किंवा नस दबलीये आणि रक्त घट्टच आहे, तर सुईच्या मागे लागू नका. छोटी चीर देऊन थिएटरमध्ये काढणं हा योग्य मार्ग. विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या नडगीवरचा हिमॅटोमा. कागदासारखी त्वचा, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, पलंगाची कड लागते आणि काळी फुगलेली गाठ येते. ती "उद्या बघू" म्हणून ठेवली तर वरची त्वचा मरते आणि महिनोन्महिने जखम भरत नाही. अशा आजीला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवा.

## टप्पा ६: वाट ठरवा, मग पेशंटला झोपवा

रक्तापर्यंत जायला सगळ्यात जवळची वाट सगळ्यात चांगली असेलच असं नाही. सुई शक्यतो थोड्या चांगल्या स्नायूतून तिरकी न्या, म्हणजे काढल्यावर ती वाट आपोआप मिटते आणि रक्त बाहेर झिरपत राहत नाही. खरचटलेल्या, फोड आलेल्या किंवा काळ्या पडलेल्या त्वचेतून कधीही नाही.

पोटरीच्या मागच्या मधोमध सुरल नस आणि छोटी सफेनस शीर असते, म्हणून तिथून न जाता आतल्या बाजूनं या, मोठी सफेनस शीर बघून ती चुकवून. मांडीच्या पुढच्या खोल जमावाला बाहेरच्या बाजूनं, व्हास्टस लॅटरॅलिसमधून. मांडीच्या मागे सायटिक नस आधी शोधा, मगच सुई. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या मानेशी पेरोनियल नस आणि दंडात हाडाला वळसा घालणारी रेडियल नस, या दोन ठिकाणी नस दिसल्याशिवाय सुई उघडूसुद्धा नका.

पेशंटला झोपवूनच करा, बसवून नाही. रक्त बघून चक्कर येणारे खूप असतात, त्यात धडधाकट पैलवान आधी. पोटरीसाठी पालथं, घोट्याखाली उशी. मशीनचा स्क्रीन तुमच्या समोर, पेशंटच्या पलीकडे, म्हणजे सुई, प्रोब आणि स्क्रीन एका रेषेत येतात. मान वळवून वळवून काम केलं की सुईचं टोक हरवतं.

पेननं प्रोबची जागा आणि सुईची जागा दोन्ही खुणा करा. यानंतर पाय हलवला तर परत बघा, स्नायू सरकतात.

## टप्पा ७: साफ करणं आणि भूल

अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन किंवा बीटाडीन, मोठ्या भागावर, आणि वाळू द्या. बीटाडीन लावून लगेच पुसून टाकायची सवय आहे ना, ती मोडा, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात.

साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम धरा. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं ९ मिली. तेवढंच सलाइन मिसळून १ टक्का केलं की १८ मिली मिळतं आणि भूल तितकीच चांगली बसते. त्वचेखाली फुगा करा आणि मग सोनोग्राफीत बघत जमावाच्या भिंतीपर्यंत वाटेवर सोडत जा, कारण सगळ्यात जास्त दुखतं ते फॅशिया आणि भिंत टोचताना. प्रत्येक वेळी आधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा. सिरिंजमधली हवा पूर्ण काढा, एक छोटा बुडबुडा आत गेला की त्याच्या पांढऱ्या सावलीखाली पुढचं काहीच दिसत नाही.

## टप्पा ८: सुई आत, रक्त बाहेर

प्रोब जमावाच्या लांबीवर ठेवा. सुई प्रोबच्या कडेपासून एक-दीड सेंटिमीटर लांबून, जितकी आडवी जाईल तितकी आडवी, प्रोबच्या बरोबर मधल्या रेषेत. उभी सुई दिसत नाही, आडवी दिसते.

नियम एकच: टोक दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही. सुई हलवायची नाही, प्रोब हलवा. तरी नाही दिसलं तर अर्धा मिली सलाइन सोडा, टोकाशी काळा ठिपका फुगतो.

भिंत टोचल्याचा "टक" हाताला जाणवतो. टोक पोकळीच्या सगळ्यात खालच्या भागात ठेवा, पलीकडच्या भिंतीला टेकवू नका. आता ओढायला सुरुवात, पण हळू. ५० मिली सिरिंज एकदम पूर्ण ओढली की आत इतकी ओढ लागते की भिंतच सुईच्या तोंडाला चिकटते, आणि आपण म्हणतो "संपलं वाटतं." स्क्रीनवर बघा, पोकळी तशीच असेल तर संपलेलं नाहीये. सुई स्वतःभोवती थोडी फिरवा, एक मिलिमीटर मागे घ्या, मदतनिसाला लांबून जमावाकडे हळूच दाबायला सांगा.

घट्ट येत असेल तर ५ ते १० मिली सलाइन सोडा, परत ओढा, परत सोडा. प्रत्येक वेळी जेवढं सोडलं त्यापेक्षा जास्त परत आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही पोकळी फुगवताय. पडदे असतील तर टोक दिसत असताना एकेक कप्पा रिकामा करा. दोन-तीनदा धुऊनही येत नसेल तर थांबा, एकदा जाड सुई घेऊन बघा, त्यानंही नाही आलं तर बँडेज बांधून आठवड्यानं बोलवा. हट्टानं चौथी-पाचवी वाट पाडली की तेवढ्याच रक्तस्रावाच्या नव्या जागा तयार होतात. गोठलेलं रक्त विरघळवायची इंजेक्शनं आत सोडल्याचं वाचलं असेल, ते ओपीडीत करू नका. फाटलेल्या स्नायूत "जाता जाता" स्टेरॉइडही नको, भरून येणं लांबतं आणि इन्फेक्शनला वाट मिळते.

थांबा: काळपट येता येता अचानक लालभडक, पातळ, ओढल्याशिवाय येणारं रक्त सुरू झालं, किंवा स्क्रीनवर पोकळी परत भरताना दिसली, तर सुई काढा, प्रोबनंच त्या जागी १० मिनिटं घड्याळ लावून दाबा, मग डॉप्लर. थांबलं नाही तर सीटी अँजिओ आणि मोठं सेंटर. पायात वीज गेल्यासारखी कळ आली म्हणाला तर सुई नसेजवळ आहे, लगेच मागे.

निघालेलं बघितल्याशिवाय टाकू नका. तपकिरी-काळं म्हणजे जुनं रक्त, अपेक्षित. पिवळट-लालसर पातळ असेल तर खाली लिहिलेला घासलेल्या मांडीचा प्रकार आठवा. गढूळ, वास येणारं असेल तर ग्रॅम स्टेन आणि कल्चर, आणि आता हा गळू आहे, उपचार बदलला. मिली मोजा, आधीच्या आकड्याशी ताडा, आधीचा आणि नंतरचा फोटो सेव्ह करा. सुया पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.

रस्त्यावर घासलेली मांडी: टू-व्हीलरवरून पडून मांडी रस्त्यावर घासत गेली की चरबी खालच्या फॅशियापासून सुटते आणि मधे पाणी-रक्त-चरबी जमते, याला मॉरेल-लव्हॅले म्हणतात. सोनोग्राफीत फॅशियाच्या अगदी वर पसरट काळा थर आणि त्यात तरंगणारे चरबीचे गोळे. हे साध्या हिमॅटोमासारखं हाताळलं की हमखास परत भरतं. एका वेळी ५० मिलीपेक्षा जास्त निघालं तर नुसत्या सुईवर विसंबू नका, ड्रेन किंवा ऑपरेशनसाठी सर्जनला आधीच सांगून ठेवा. जुनं असेल तर भोवती जाड कवच बनतं, मग सुईचा उपयोग नाही. डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक आत घालून भिंती चिकटवायचा उपाय आहे, पण तो अनुभव असलेल्यांनी, आणि इन्फेक्शन नाही याची खात्री करून.

## टप्पा ९: पट्टी आणि पुढचे तीन आठवडे

सुई निघाली की सगळे हातमोजे काढतात आणि वॉर्डबॉय एक गॉज लावून वर टेप मारतो. रिकामी झालेली पोकळी तशीच सोडली तर ती भरणारच, त्यात नवल काही नाही.

आधी १० मिनिटं हातानं दाब. मग पोकळीच्या बरोबर वर जाड फोम किंवा गॉजचा पॅड, भोवती कापसाचा रोल, आणि क्रेप बँडेज पायाच्या बोटांपासून वर चढत, खाली जास्त ताण आणि वर कमी. फक्त मांडीवर मधेच आवळून बांधलं तर खालचा पाय सुजतो आणि पेशंट रात्री स्वतःच सोडून टाकतो, मग बिचाऱ्याला दोष देऊन काय उपयोग. पोटरी फाटलेली असेल तर चपलेत टाचेखाली एक-दोन सेंटिमीटरची उंची द्या, म्हणजे फाटलेले भाग जवळ राहतात.

पडताळा: बांधल्यावर अंगठ्याचं नख दाबा, दोन सेकंदात गुलाबी झालं पाहिजे. बोटं हलतात, स्पर्श कळतो, मुंग्या नाहीत. पट्टी बांधल्यावर प्रोब लावायला जागा नसते म्हणून पट्टीच्या आधी शेवटचा फोटो घ्यायचा, हे विसरू नका.

घरी जाताना तोंडी सांगून भागत नाही, लिहून द्या:

- पट्टी ४८ ते ७२ तास, रात्रीसुद्धा. बोटं निळी, थंड किंवा बधिर झाली तर सैल करून लगेच या.
- पाय उशीवर, घोटा दर तासाला वर-खाली हलवायचा.
- मालिश नाही. तेल नाही, हाडवैद्याकडे चोळून घेणं नाही, गरम विटेचा शेक नाही. खोल स्नायूतलं रक्त वरून मलम चोळून वितळत नाही, चोळल्यानं परत रक्त सुटतं आणि पुढे स्नायूत हाड बनायची शक्यता वाढते. घरात आजी-मावशी मायेनंच चोळायला बसतात, म्हणून हे त्यांच्यासमोर सांगा.
- ताप, वाढती लाली, अचानक वाढलेलं दुखणं, धाप लागणं किंवा छातीत दुखणं, यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

अँटिबायोटिक सरसकट नको. खरचटलेलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारा. बंद ठेवलेली रक्त पातळ करायची गोळी कुठल्या तारखेला परत सुरू करायची ते कार्डवर लिहा, ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते.

तिसऱ्या दिवशी पट्टी उघडून प्रोब लावा. थोडं परत भरलेलं असणं नेहमीचं आहे, लक्षण नसेल तर फक्त पट्टी बदला. आठवड्यानं परत बघा. जवळपास पहिल्याइतकं भरलं आणि पातळ आहे तर दुसऱ्यांदा काढा. दोन-तीनदा काढूनही भरत असेल तर कारण शोधायला हवं: गोळ्या, न सापडलेली रक्तवाहिनी, मॉरेल-लव्हॅले, किंवा गाठ. तेव्हा चौथी सुई न घालता एमआरआय आणि सर्जन.

मांडीला मार लागलेल्याचा गुडघा दोन-तीन आठवड्यांनीही दुमडत नसेल तर प्रोब लावून कडेकडेनं पांढरी चमकदार रेघ उमटतेय का बघा. स्नायूत हाड बनायला लागलं तर ते एक्स-रेच्या आधी सोनोग्राफीत दिसतं. अशा वेळी जोर लावून ताणणारा व्यायाम थांबवायचा, दुखेल त्याच्या अलीकडे स्वतःहून केलेली हालचाल चालू ठेवायची, आणि फिजिओला चिठ्ठीवर कारण लिहून पाठवायचं. नुसतं "नी स्टिफनेस" लिहिलं तर ते गुडघा दाबून वाकवणार. आणि सहा-आठ आठवड्यांनी गाठ अजून तेवढीच किंवा मोठी असेल तर पहिलं निदान बाजूला ठेवून कॉन्ट्रास्ट एमआरआय करून घ्या, पेशंट "आता दुखत नाही डॉक्टर, राहू द्या" म्हणाला तरी.